चंद्राची ग्वाही

"दिल्लीच्या रेडिओनं कालच सांगतलं, काझीसाहेब. सारा मुलूख ईद करून राह्यला, अन् तुमी काऊन रोजा धरून बसले?"

लाकडाचे व्यापारी नईमशेठ हे काझी रुकनुद्दीन यांच्या ओसरीवर उभे होते. दारात त्यांचा सजवलेला टांगा होता. दरवर्षी याच टांग्यातून काझीसाहेब ईदगाहला जात आणि नमाज पढवत. पण काल चांदा शहरावर ढग दाटले होते, चंद्र गावात कुणालाच दिसला नव्हता.

"रेडिओले उलटा सवाल करता येत नाई, शेठ. पाह्यनारा मानूस माह्यासमोर उभा पायजे."

"ईदगाहवर लोकं जमून राह्यले. नागपूरचे मौलवी माह्या घरी उतरले हायेत. दुपारच्या आत तुमी नाई आले, तं नमाज ते पढवतील. मंग चांद्याचा काझी कोन, ते लोकंच पाहून घेतील."

चौदा वर्षं सांभाळलेली काझीगिरी एका सकाळीत जाणार होती. तरी काझीसाहेब जागचे हलले नाहीत.

त्यांचा हलका, म्हणजे काझीगिरीचा मुलूख, चांद्यापासून पार आलापल्लीच्या सागवानापर्यंत. एवढ्या मुलखात मुसलमान कमी आणि वाघच जास्त, अशी लोक थट्टा करत. वाघांचे निकाह लावावे लागत नाहीत, तेवढाच आराम, असं काझीसाहेब हसून म्हणत. दरसाल रमजानच्या आधी ते गाडीवान लटारूच्या बैलगाडीतून जंगलातल्या आरेकसांच्या झोपड्या पालथ्या घालत. मोठ्या आऱ्यानं लाकूड चिरणाऱ्या त्या माणसांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत: ईदचा चंद्र दिसला तर चांद्याला या. दोन पुरुषांची ग्वाही लागते, नाहीतर एका पुरुषाची आणि दोन बायांची.

नऊच्या सुमाराला गल्लीत बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. चिखलानं माखलेली लटारूची गाडी टांग्याच्या मागे येऊन थांबली. पुढे शफी आरेकस, आत चादरीच्या आडोशाला त्याची बायको जरीना आणि बहीण नूरी.

"दुसरा गडी तापानं पडून होता," शफी म्हणाला. "मनून या दोघीले आनलं. रातभर गाडी हाकली, जी."

"रस्त्यात वाघ आडवा बसला व्हता," लटारूनं सांगितलं. "तो उठतपर्यंत थांबा लागलं, नाई तं पयलेच आलो असतो."

काझीसाहेबांनी तिघांना वेगवेगळं विचारायचं ठरवलं. शफीचं ओसरीवर ऐकून घेतलं आणि मग पायऱ्या उतरून ते स्वतः गाडीपाशी गेले. चांद्याचा काझी आरेकसाच्या बायकोपुढे उभा राहिलेला सगळ्या गल्लीनं पाहिला.

"चंद्र कुठी व्हता, बाई?"

"सूर्य बुडाला तिथून डाव्या अंगाले. टोकं वर व्हते. मलेच आधी दिसला. मीच यायले आवाज देल्ला." जरीनानं ठाम सांगितलं.

"किती वेळ दिसला?"

"आरा वीस खेपा वढतपर्यंत. मंग ढग आला."

शफीनंही वीसच खेपा सांगितल्या होत्या. तोवर गल्लीच्या टोकाला थांबवलेल्या नूरीला विचारल्यावर तिनंही तेच सांगितलं, फक्त वीसऐवजी बावीस.

"आरेकसाच्या बाया," नईमशेठ पुटपुटले. "यायच्या जबानीवर चांद्याची ईद?"

"माह्या हलक्यातल्या बाया हायेत, शेठ. वाघाच्या तोंडातून आल्या."

काझीसाहेबांनी गाडीतल्या मडक्यातलं पाणी मागितलं आणि तिथेच, उभ्यानं नव्हे, गाडीच्या जुवावर बसून रोजा सोडला. मग तिघांचे अंगठे आपल्या वहीत घेतले. अंगठा देताना जरीनाची मान ताठ होती.

"चला, काझीसाहेब," नईमशेठ नरमाईनं म्हणाले. "टांगा उभाच हाये."

"तुमी व्हा पुढं. मी येतो मांगून."

काझीसाहेब लटारूच्या शेजारी चढून बसले. गाडीभर लाकडाचा भुसा होता. तो शेरवानीला चिकटला, बाह्यांना चिकटला. ईदगाहवर उतरल्यावर लटारू फडक्यानं झटकायला पुढे आला, तेव्हा काझीसाहेबांनी त्याचा हात हलकेच बाजूला केला आणि तसेच पुढे जाऊन नमाज पढवायला उभे राहिले.