वस्तरा कपाटात

आमच्या गल्लीतला सलूनवाला दुपारी दुकान मिटून खुर्चीत आडवा झाला, की फरशीवरचे कापलेले केस त्याच्या घोरण्याबरोबर दारापर्यंत जात आणि परत येत. पटत नसेल तर सोडा. झाडूची झीज वाचायची एवढं मात्र खरं. लोक त्याला भोंगा म्हणत.

अधूनमधून भोंगा बंद पडे. केस जागच्या जागी. बायको कौतुकाने म्हणे, "आता कुठे गाढ झोप लागली!" तेवढ्यात तो घुसमटून हातपाय झाडत उठे, की भोंगा पुन्हा सुरू.

रक्तदाबाच्या एका गोळीच्या तीन झाल्या, पण दाब ढिम्म हलेना. सकाळी डोकं जड, दिवसभर चिडचिड. एका गिऱ्हाइकाचा एकच गाल दोनदा करून त्याने टॉवेल झटकला. दुसऱ्याच्या गळ्यावर वस्तरा टेकवून पेंगला, तेव्हा बायकोने वस्तरा कपाटात टाकला आणि किल्ली कमरेला खोचली.

"अगं, वस्तऱ्याशिवाय मी कसला न्हावी?"

"जिवंत गिऱ्हाइकांचा!"

डॉक्टरीणबाईंनी रात्रभर बोटाला चिमटा लावून झोप तपासली. "गाढ झोप कसली, वहिनी? तेव्हा यांचा घसा मिटतो, श्वास थांबतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मेंदू घाबरून यांना ढोसून उठवतो, हृदय धडधडतं, दाब चढतो. तासाला तीस-चाळीस वेळा! गोळ्या पुरणार कशा? आणि असा रात्रभर गुदमरलेला मेंदू दिवसा गाल विसरणारच."

बायको म्हणाली, "शांत झोपलेत म्हणून मी पांघरूण घालायची हो!"

उशाशी हवा ढकलणारं यंत्र आलं, नाकावर लांब नळीचा मास्क. तो काढून फेकी, ती पुन्हा लावी.

"हत्ती दिसतोय मी."

"दिसा. मला विधवा दिसण्यापेक्षा हत्तीण दिसलेलं चालेल."

हळूहळू पेंग गेली, दाब उतरू लागला. मग त्याला चैन पडेना. रिकामी कात्री वाजवत तो दुकानात येरझाऱ्या घाली आणि किल्ली मागे.

"देते," ती शेवटी म्हणाली. "पण पहिला माझा भाऊ बसेल."

भावाने ढीगभर सबबी सांगितल्या. बहिणीने त्याला खुर्चीत दाबून बसवलं. काचेला नाकं लावून गल्ली उभी. भोंग्याने साबण फासला, वस्तरा उचलला.

"हलू नका, मेहुणे."

"मी कुठे हलतोय, दाजी? खुर्ची हलतेय!"

बहिणीने भावाचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि ती पापणी न लववता नवऱ्याच्या डोळ्यांत पाहत म्हणाली, "करा."