थोरलीचा उजवा गुडघा आणि मी

आधी नाकावरचा हात काढा, मित्रांनो. वास येतोय तो माझाच, आणि तो घामाचा आहे, आळसाचा नाही. मी एक जुनी नीकॅप आहे. खेळाडू गुडघ्यावर चढवतात ना, तो ताणाचा पट्टा. माझं कापड विटलंय, रबर सैल झालंय, बाजूच्या दोन लोखंडी पट्ट्यांपैकी एक तुटलीय. गोड बोलणं मला जमत नाही. जे सोसलं ते सांगते.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका यंत्राने मला कापलं, एका बाईने शिवलं आणि तिसऱ्याच कुणीतरी खोक्यात कोंबलं. खोक्यावर हवेत उंच उडालेल्या खेळाडूचं चित्र होतं. मला वाटलं, आपल्या नशिबी आता उड्याच उड्या. कसल्या उड्या अन् काय. मला थोरलीने विकत घेतलं.

थोरली म्हणजे कारखान्याच्या बायकांच्या बास्केटबॉल संघातली सगळ्यात मोठी, वयानेही आणि अंगानेही. तिचं खरं नाव कुणी घेतच नसे. ती सेंटर होती, म्हणजे बास्केटखाली, सगळ्यात जास्त धक्के बसतात तिथे उभी राहणारी. तिच्या उजव्या गुडघ्यावर चढले आणि पहिल्याच दिवशी मला कळलं, हिचं काम उडण्याचं नाही. हिचं काम न हलण्याचं आहे.

नीट समजावून सांगते. आमच्या संघात एक चपळ पोरगी होती, तिला सगळ्या भिंगरी म्हणायच्या. ती चेंडू घेऊन सुसाट निघायची आणि दुसऱ्या संघाची एकजण तिच्या मागे लागायची. थोरली त्या बाईच्या वाटेत खांबासारखी उभी राहायची. बाई येऊन थोरलीवर आदळायची, भिंगरी मोकळी सुटायची, चेंडू जाळीत. टाळ्या भिंगरीला. दणका थोरलीला, आणि त्यातला अर्धा मला. कधी नेम चुकून चेंडू परत आला, तर समोरच्या धिप्पाड बाईला थोरली पाठ लावून मागे रेटून धरायची. चेंडू आमच्यातल्या दुसऱ्याच कुणाच्या हातात अलगद पडायचा. त्याही टाळ्या थोरलीच्या नव्हेत.

आणि सगळा वेळ तिचं तोंड चालू असायचं. "डावीकडे बघ. मागे आहे, मागे. तू सोड, मी घेते." माणसाच्या पाठीला डोळे नसतात, मित्रांनो. आमच्या बाकीच्या चौघींच्या पाठीचे डोळे म्हणजे थोरलीचा घसा होता. यातलं काहीही कागदावर उतरत नाही. चेंडू जाळीत कुणी टाकला, तेवढंच उतरतं.

घरी गेलं की तिची मुलगी दारातच विचारायची, "आई, आज किती?"

"दोन."

"फक्त?"

"दोनच. बाजूला हो, आत येऊ दे."

सासूबाई मला दोरीवरून काठीने उचलायच्या. "दोन पॉइंटांसाठी घरभर हा वास. निदान चार तरी कर गं बाई."

थोरली हसायची. मग खाटेवर बसून मला गुडघ्यावरून सोलून काढायची. गुडघा टम्म सुजलेला असायचा. त्याच्याकडे बघताना मात्र ती हसत नसे.

संघातल्या बायकांना दुपारनंतर सरावासाठी मोकळीक होती. संघातून काढलेलीला ती बंद, मग पॅकिंगमध्ये पूर्ण पाळी, सिमेंटच्या जमिनीवर, उभ्याने. थोरली याबद्दल कधी चकार शब्द काढत नसे. पण सरावाला साहेब आले की तिचा गुडघा माझ्या आत आखडायचा. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

साहेब म्हणजे कारखान्याचे क्रीडा अधिकारी. यांनी जन्मात चेंडूला हात लावला असेल, तर पायाशी घरंगळत आलेला परत देताना.

त्या वर्षी कारखान्यांच्या स्पर्धेत, उपांत्य सामन्यात समोरच्या संघात एक अगडबंब बाई होती. आधीचे सगळे सामने तिने एकटीने मारले होते. थोरली पहिल्या शिटीपासून तिच्या अंगाला चिकटली. ढोपरं खाल्ली, पाठ दिली, पण तिला बास्केटजवळ फिरकू दिलं नाही. माझी पट्टी तुटली ती त्याच सामन्यात. तिचं टोक थोरलीच्या मांसात रुतत होतं आणि मला स्वतःची लाज वाटत होती. तिला मला नीट करायलाही सवड नव्हती. आम्ही जिंकलो. पोरींनी भिंगरीला खांद्यावर उचलून मैदानभर मिरवलं. त्यातला एक खांदा थोरलीचा होता.

दुसऱ्या दिवशी साहेब गुणांचा कागद घेऊन आले.

"शून्य. अहो सर, दोनाचंही शून्य झालं. अंतिम सामन्याला त्या उंच नव्या मुलीला घ्या. ती निदान टाकते तरी."

सर म्हणजे आमचे प्रशिक्षक. थोरलीने काय केलं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते बुटांकडे बघत राहिले. न कळणाऱ्या माणसाचा मला राग येतो. कळूनही गप्प बसणाऱ्याचा त्याहून जास्त येतो.

भिंगरी नाड्या बांधता बांधता शेजारणीला म्हणाली, "बरंच झालं. थोरली आत उभी असते, मला शिरायला जागाच उरत नाही."

थोरली तिच्या मागेच होती. म्हणाली, "खरंय गं. मी जाडीच आहे."

सगळ्या हसल्या. थोरलीने मला पिशवीत टाकलं.

अंतिम सामन्याला ती मुलीला घेऊन प्रेक्षकांत बसली. मी तिच्या मांडीवर, पिशवीत. त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. बूट करकरत होते, चेंडू आपटत होता, पण आमच्या पोरींचा आवाज म्हणून नव्हता.

मुलगी म्हणाली, "आई, आज कुणीच ओरडत नाहीये."

तेवढ्यात धप्प झालं. भिंगरी एकीच्या मागे धावताना वाटेत उभ्या असलेल्या दुसरीवर जाऊन आपटली होती. तिला ती दिसलीच नव्हती, हे शेजारच्यांच्या ओरडण्यावरून मला कळलं. उठली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आता थोरली ताडकन उभी राहिली. "मागे आहे, भिंगरे, मागे! डावीकडून निघ. तू सोड तिला, उंच पोरीला घेऊ दे." बूट वळल्याचं मला ऐकू आलं. घड्याळाला किल्ली द्यावी तसा खेळ चालू झाला.

मग साहेब धापा टाकत पायऱ्या चढून आले.

"बाई, खाली बसा. तुम्ही आता संघात नाही. बरं दिसत नाही ते."

"साहेब, ती पोर मोडेल."

"मोडली तर डॉक्टर आहेत. तुम्हाला उद्या कामावर यायचंय ना?"

थोरली बसली. पिशवीवरून तिने मला इतकं घट्ट धरलं की तुटकी पट्टी तिच्या तळव्याला लागली असेल. तरी तिने सोडलं नाही. मैदानावर पुन्हा धप्प झालं. या वेळी नंतर बूट वाजले नाहीत.

भिंगरीच्या खांद्याचं हाड मोडलं. सामना गेला. साहेबांनी कागद पाहून नशिबाला दोष दिला.

थोरली आता पॅकिंगमध्ये पूर्ण पाळी उभी असते. मी रोज तिच्या गुडघ्यावर असते. इथे शिटी नाही, टाळ्या नाहीत. परवा पाळी सुटल्यावर ती रिकाम्या खोक्यावर टेकली होती, तर हात गळ्यात अडकवून भिंगरी आली.

"थोरले, तुला मागचं कसं दिसायचं गं?"

"दिसत नाही. बूट ऐकायचे."

"मला शिकव ना."

"आधी हात बरा होऊ दे."

"हात मोडलाय. तोंडाला काय धाड भरलीय?"

थोरली खूप दिवसांनी हसली. मग खोक्यावर हात टेकून उठायला गेली. मी होता नव्हता तेवढा जोर लावला, मित्रांनो. पण माझ्यात आता ताण उरलेला नाही. ती परत खाली बसली.

"उद्या ये," ती म्हणाली. "आज पाय ऐकत नाही."

भिंगरीने चांगला खांदा पुढे केला. थोरलीने आधी नको म्हटलं, मग धरला.

नीकॅप धुतली की उन्हात टाकू नका, रबर मरतं. सावलीत वाळवा. हे दुकानदारही सांगेल. जे तो सांगणार नाही ते मी सांगते. तुमच्या संघात, वर्गात, घरात कुणीतरी असं असेल, जे तुमच्या वाटचा दणका स्वतःवर घेतं. त्याच्या नावापुढे आकडा नसतो. तो थकायच्या आत त्याला शोधा, आणि कुणी त्याला खाली बसवू लागला, तर आमच्या सरांसारखे बूट बघत बसू नका.

थोरलीची मुलगी आता दारात 'किती' विचारत नाही. आईची चाहूल लागली की खुर्ची पुढे सरकवते.