धुनीवरचं सोयाबीन

आबाजीच्या कोंबड्यांच्या शेडपुढं सारं अंथुर्णं गाव लोटलं होतं. डालग्याखालची पाच पिल्लं टुणटुणीत. शेडमधली त्याच वयाची तीनशे मात्र मुठीएवढी, पंख पिंजारलेली. पाचांना धुनीबाबाचं मंतरलेलं खाद्य होतं.

"बघा रं चमत्कार!" लोक हात जोडत होते.

बाबानं डोळे मिटले. "दाण्यात हडळ हाय. पाचांपुरती काढली. ती दिवाळीनंतर नव्या सुनंसंगं उंबरा वलांडून आली. सुनंला म्हायेरी धाडा, निम्मी पिलं धुनीला वाहा."

वा रे बाबा! हडळ सुनेच्या माथी आणि पिल्लं याच्या पोटात!

सून सारजा ट्रंक घेऊन उभी होती. नवरा रामहरी जमिनीकडं बघत होता. मी तिथला गुरांचा डॉक्टर. ती माझ्याकडं बघून रडली, "म्हायेरी कोन हाय, डाक्टर? भावजय दारात उभी करायची न्हाय. कुठं जाऊ मी?"

माझं डोकं सणकलं. शेडमधलं एक मेलेलं पिल्लू मी फाडून पाहिलं होतं. रोगाचा मागमूस नव्हता.

"आबाजी, खाद्य कधी बदललंत?"

"दिवाळीनंतर. इकतची पेंड बंद केली. घरचं सोयाबीन दळून घालतो. घरचं ते निर्मळ."

"भाजून?"

"भाजायचं कशाला? कोंबडी काय चिवडा खाती व्हय?"

"आणि बाबा कुठं मंतरतात?"

"धुनीवर, कढईत."

"अहो, मग झालं की!"

मी कच्चं पीठ बाबापुढं ठेवलं. "मंत्र म्हणा, पण धुनीपासून लांब." नाही म्हणायची सोय नव्हती, गाव बघत होतं. तिकडं सारजानं रडत रडतच चुलीवर दाणे भाजून भरडले, बिनमंत्राचे. दोन बाटल्यांत दोन पिठं, वर चिमूटभर युरिया, पाणी आणि बूच. अर्ध्या तासानं आबाजीनं मंत्राची बाटली हुंगली.

"आयाया! मुतारीच की ही!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

सारजाच्या बाटलीला तसला वास नव्हता.

"कच्च्या सोयाबीनमध्ये पचन रोखणारं विष असतं," मी सांगितलं. "पिल्लू पोटभर खातं आणि उपाशी राहतं. नीट भाजलं की विष मरतं. युरियातून असा वास काढणारा दाण्यातला अंशही त्याच आचेनं मरतो. वास सुटला म्हणजे दाणा कच्चा. विकतची पेंड कारखान्यात तापवूनच येते. बाबानं मंत्र म्हटला, पण काम जाळानं केलं."

बाबा उठला. "धुनी इझंल," म्हणत चालू लागला. कुणी अडवलं नाही.

आबाजीनं ट्रंक उचलून घरात ठेवली. "चुकलो, पोरी."

सारजा जागची हलली नाही. "तुमी चुकला, मामंजी. पर ह्ये तर गप उभं व्हतं."

रामहरीला तोंड वर करवेना. ती आत गेली, पण त्याच्याकडं न बघता.

पिल्लं महिन्याभरात सुधारतील. त्या पोरीचं मन कधी सुधरायचं? बाबांनो, विपरीत घडलं की आधी विचारा, काय बदललं? आणि जाळ कढईखाली घाला, लेकीसुनांच्या संसाराला लावू नका.