थोरलीच्या हातची विजार

राजा पळाला आणि तिसऱ्या दिवशी धाकटी जाऊ विजार घालून चौकात उभी राहिली. विजार शिवली होती थोरलीने. कापड थोरलीच्या नवऱ्याच्या जुन्या कोटाचं, आणि धावताना फाटू नये म्हणून मांडीत जादा तुकडा घालायची अक्कलही तिचीच. पण नाव झालं धाकटीचं. भिंतीभिंतीवर तिचं विजारीतलं चित्र लागलं, खाली लिहिलेलं, ‘बायकांनाही मत हवं.’

थोरलीचा नुसता जळफळाट झाला. गावभरच्या बायका तिच्याच शिवणाच्या दुकानात येत आणि म्हणत काय, “धाकटीसारखी शिवून द्या.” आता सांगा, धाकटीला साधी तुरपाई जमत नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. थोरलीने चाळीस विजारी शिवल्या, टाक्यागणिक मनात एक शिवी. मत तिलाही हवं होतं. पण सभेला जाऊन धाकटीसाठी टाळ्या वाजवणं तिच्याच्याने होईना.

मग नव्या सरकारलाही विजारी खुपायला लागल्या. क्रांती झाली, आता घरी बसा म्हणे. हुकूम निघाला: बाईने विजार घातली तर दोन महिने कैद, बाईसाठी शिवली तर दोन वर्षं.

आठवड्याभरात फौजदार धाकटीला विजारीसकट धरून दुकानात आला. थोरलीने मशीन थांबवलं.

“ही कुणी शिवली?”

“मीच,” धाकटी पटकन म्हणाली. “जाऊबाई फक्त झगे शिवतात. त्यांचा काही संबंध नाही.”

पोरगी आपल्याला वाचवतेय हे थोरलीला कळलं. गप्प बसलं की सुटलो, हेही कळलं. फौजदाराने कागदावर धाकटीचं नाव लिहिलं, विजारीकडे पाहिलं आणि म्हणाला, “काही म्हण बाई, हात सफाईदार आहे तुझा.”

झालं. थोरली ताडकन उठली.

“हिचा? हिला सुईत दोरा ओवता येत नाही. हे काज बघा, हाताने केलंय. गावात असं काज करणारी मी एकटी.”

“जाऊबाई, पाया पडते, गप्प बसा.” धाकटीला रडू फुटलं.

“तू गप्प बस. भिंतीवर तू, चौकात तू, आणि आता माझ्या तुरुंगातही तूच?” थोरलीने फौजदाराच्या कागदावर बोट ठेवलं. “शिवणारी म्हणून हिचं नाव खोडा, माझं घाला. आणि अशा चाळीस शिवल्यात, तेही लिहा.”