एकशे एकेचाळीस

साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. नक्की आठवतं, कारण त्याच वर्षी धाकटी शाळेत जायला लागली आणि त्याच वर्षी मी नवऱ्यावर पाच आठवडे संशय घेतला. धाकटीचं रडं दोन दिवसांत थांबलं होतं.

हे टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायचे. भिंतभर खणांचं कपाट, समोर ढीग, आणि ह्यांचा हात न बघता योग्य खणात जायचा. वीस वर्षं जगभरचे पत्ते वाचून डोक्यात एक कोश तयार झाला होता. स्वभावही त्याच कामाने घडला होता. "लिहिणाऱ्यावर जाऊ नये," म्हणायचे. "माणूस स्वतःच्या भावाचा पत्तासुद्धा चुकीचा लिहितो."

टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत ते दोन फेऱ्या जिंकून शेवटच्या सामन्यात पोहोचले, तेव्हा आमच्या गल्लीत एरवी मान वळवून जाणारे लोकही थांबून बोलायला लागले. पहिलं बक्षीस स्कूटर होतं. हे रोज चार मैल सायकल मारत कामाला जायचे आणि गुडघा बोलायला लागला होता, त्यामुळे स्कूटरचं स्वप्न सगळ्या घरानेच पाहिलं होतं. दुसरं बक्षीस ज्ञानकोशाचे आठ खंड. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

चित्रीकरणाला मी आणि माझी नणंद गेलो. रंगभूषावाला म्हणाला, "साहेब, चष्म्याच्या काचेवर दिवे चमकतात."

हे माझ्याकडे बघायला लागले. लांबचं त्यांना जेमतेम दिसायचं.

"द्या इकडे," मी म्हटलं. "प्रश्न कानांनी ऐकायचेत." खरं सांगायचं तर चष्म्याशिवाय ते मला दहा वर्षांनी लहान वाटायचे. चष्मा मी पर्समध्ये टाकला आणि विसरले.

तिघं स्पर्धक होते. हे, एक दातांचे डॉक्टर आणि एका सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल. ती पस्तिशीची, नीटनेटकी, ह्यांच्या शेजारच्याच खुर्चीत. गुणांचे आकडे प्रेक्षकांच्या डोक्यावर, समोरच्या भिंतीवर पाट्यांनी लावत. शेवटच्या फेरीआधी ह्यांचे दोनशे चाळीस, ग्रंथपालबाईंचे एकशे दहा, डॉक्टरांचे पन्नास.

शेवटच्या फेरीचा नियम असा, की विषय आधी सांगायचे. मग प्रत्येकाने आपल्या गुणांपैकी किती पणाला लावणार ते कार्डावर लिहून द्यायचं. उत्तर बरोबर आलं तर तेवढे मिळवायचे, चुकलं तर वजा. मी प्राथमिक शाळेत गणित शिकवायचे. मनात लगेच मांडून मोकळी झाले. बाईंनी सगळे लावले तरी दोनशे वीस. ह्यांनी शून्य लिहिलं की स्कूटर आमची.

दिवे तापले म्हणून मध्ये दहा मिनिटं थांबले. तेवढ्यात हे बाईंकडे झुकले आणि काहीतरी पुटपुटले. तिने मान वळवून हळूच उत्तर दिलं. आणि हसली.

नणंदेचं कोपर माझ्या बरगडीत. "बघितलंत का, वहिनी?"

"काय बघायचंय त्यात?"

"दादाला घरात एवढं हळू बोलताना मी ऐकलं नाही कधी."

विषय होता ग्रह. कार्डं गेली. प्रश्न असा, की कोणत्या ग्रहाला स्वतःभोवती फिरायला सूर्याभोवती फिरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो? ह्यांनी लिहिलं बुध. डॉक्टरांनी लिहिलं गुरू. बाईंनी लिहिलं शुक्र, आणि ते बरोबर होतं.

मग पणाचे आकडे उघडले. डॉक्टरांनी सगळे पन्नास लावले होते, ते शून्यावर आले. बाईंनी शून्य लावलं होतं. एकशे दहा तसेच. आणि ह्यांनी लावले होते एकशे एकेचाळीस. उरले नव्व्याण्णव.

अकरा गुणांनी आमची स्कूटर गेली.

घरी येताना नणंद बसमध्ये बोटं मोजत होती. "शून्य कोण लावतं, वहिनी? समोरचा पडणार हे ठाऊक असलेलीच ना? आणि शंभर नाही, दीडशे नाही, एकशे एकेचाळीस. मोजूनमापून हरलाय हा."

"तुम्ही गप्प बसा हो, वन्सं," मी म्हटलं. पण आकडा डोक्यातून जाईना. चुकून सुचेल असा तो आकडाच नव्हता.

ह्यांना विचारलं तर, "चुकलं माझं," एवढंच. आणि मान खाली. वीस वर्षांत ह्या माणसाने स्वतःची चूक इतक्या पटकन कबूल केली नव्हती, त्यामुळे माझा संशय दुप्पट झाला. ज्ञानकोशाचं खोकं आलं, ते त्यांनी न उघडता पलंगाखाली सारलं. मी स्वयंपाक करायचे, डबा भरायचे, आणि त्यांच्या शर्टाचे खिसे धुण्याआधी दोनदा बघायचे.

पाचव्या आठवड्यात खिशात पोस्टकार्ड सापडलं. सुरेख अक्षर. "मी त्या दिवशी तुम्हाला खरं तेच सांगितलं होतं. तुम्ही विश्वास का ठेवला नाहीत, हे अजून कळत नाही. माझ्याकडे आहे ते तुमचंच आहे असं वाटतं. एकदा येऊन भेटा." खाली वाचनालयाचा शिक्का.

उघड्या कार्डावर. लाज म्हणून नाही, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि वाचनालय गाठलं.

बाई परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होती. मी कार्ड तिच्यासमोर ठेवलं.

"हे तुमचं?"

तिने कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पर्स आहे वाटतं सोबत," म्हणाली. "त्यात चष्मा होता ना?"

मी पर्स छातीशी धरली.

"बसा ना, ताई. त्या दिवशी त्यांनी मला काय विचारलं सांगू? म्हणाले, 'समोरचं धुरकट दिसतंय. चष्मा बायकोच्या पर्समध्ये आहे. तुमचे किती झाले, एकशे दहा की एकशे नव्वद?' मी म्हटलं, एकशे दहा. निवांत बसा, शून्य लिहा, जिंकाल."

"आणि हसलात कशाला?"

"चष्मा पर्समध्ये म्हटल्यावर हसू नको?"

"मग तुम्ही शून्य का लावलंत?"

"मला दुसरं बक्षीस हवं होतं. तो ज्ञानकोश. चार वर्षं मागतेय, मंजूर होत नाही. डॉक्टरांनी दुप्पट केले तरी शंभर, म्हणजे शून्य लावलं की माझा दुसरा नंबर पक्का. पहिला तुमच्या नवऱ्याचा पक्काच होता. आता ती स्कूटर माझ्या अंगणात उभी आहे. मला सायकलसुद्धा येत नाही."

मी तिच्या टेबलावरचा रद्दी कागद ओढला. एकशे नव्वदाची दुप्पट तीनशे ऐंशी. त्याच्यावर एक, तीनशे एक्क्याऐंशी. त्यातून दोनशे चाळीस वजा.

एकशे एकेचाळीस.

ह्यांनी तिचं ऐकलं होतं आणि पत्त्यासारखंच चुकीचं धरून दुसऱ्या खणात टाकलं होतं.

संध्याकाळी हे हातपाय धुऊन बसले, तेव्हा मी चष्म्याची जुनी डबी आणि ते कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं.

"एकशे नव्वद धरलंत ना?"

त्यांनी डबी उघडली, परत मिटली. "प्रतिस्पर्धी आहे, खरं कशाला सांगेल असं वाटलं. कार्ड आलं, पण कुठल्या तोंडाने जाऊ? भल्या बाईला खोटारडी ठरवलं मी मनात." मग म्हणाले, "कार्ड तुला कुठे मिळालं?"

"खिशात."

"खिसे बघतेस?"

"पाच आठवडे."

त्यांनी चहा घेतला आणि पलंगाखालचं खोकं ओढून बाहेर काढलं.

त्या रविवारी अदलाबदल झाली. स्कूटर आमच्याकडे एकोणीस वर्षं चालली. धाकटी तिच्यावरूनच कॉलेजात गेली. आता ती परदेशात उत्तरपत्रिका तपासते आणि माझ्याइतकीच संशयी आहे. डॉक्टरांनी दवाखान्यात त्या सामन्याचा फोटो लावला होता. त्यात गुणांची पाटी दिसत नव्हती. नणंदेला मी सगळं गणित मांडून दाखवलं. शेवटपर्यंत ती म्हणायची, "गणित बरोबर आहे हो, वहिनी. पण दादा कुजबुजला का?" ग्रंथपालबाई निवृत्त होईपर्यंत ते आठ खंड तिच्या टेबलामागच्या कपाटात होते. ती गेल्या वर्षी गेली, मी भेटून आले होते.

हे जाऊन अकरा वर्षं झाली. निवृत्तीनंतर दर शनिवारी वाचनालयात जाऊन बसायचे. एकदा मी विचारलंच, "तिथे इतका वेळ काय करता?"

"ग्रह वाचतो," म्हणाले.

मी चष्मा पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभी होते.