आभाळातल्या मंडपाचे खांब

बेंबळी गावात राजपालच्या मंडपाला नावं ठेवणारा माणूस अजून जन्मायचाय, असं स्वतः राजपालच सांगायचा. लोक मान डोलवायचे, कारण वावटळीत दुसऱ्यांचे मंडप उडाले तरी याचा जागचा हलला नव्हता. उभ्या झालेल्या प्रत्येक खांबाला थाप मारून, कान देऊन ऐकल्याशिवाय तो मंडपाखाली कुणाला बसूच देत नसे. असा हा पठ्ठ्या त्या सकाळी गोदामाच्या दारात मोबाइल घेऊन बसला होता, आणि पोटच्या पोरीचं काम फसावं असं त्याला मनातून वाटत होतं. बापाला असं वाटावं का? पण वाटत होतं, आता काय करता!

त्याची चैताली बेंगळुरूत एका कंपनीत इंजिनियर होती. तिथं ते एवढी मोठी दुर्बीण करणार होते की ती कुठल्याच रॉकेटात मावली नसती. म्हणून तिचे सुटे भाग वर न्यायचे आणि यंत्राच्या हातानं अंतराळातच जोडायचे. त्या हाताला जोडणी शिकवायचं काम चैतालीकडं होतं. आज जमिनीवर त्या हाताची परीक्षा होती आणि ती मोबाइलवर थेट दिसणार होती. दुर्बिणीचे आरसे पेलणारा सांगाडा त्यानं एकट्यानं उभा करायचा. फसलं तर कामच बंद.

"तसं झालं तर मी घरी येते, पप्पा, आन् तुमचा मंडप चालवते," असं ती मागच्या खेपेला म्हणाली होती. झालं! राजपालनं लगेच दुकानाची पाटी नवी रंगवायला काढली आणि स्वतःच्या नावापुढं जागा मोकळी सोडली.

"पोरगी आभाळात मांडव घालाया निघाली, आन् तू तिला लग्नाच्या मांडवात वढतोस व्हय रं?" त्याच्याकडं कामाला असलेले म्हातारे कोंडिबा म्हणाले.

"तुमी बघा गुमान, मामा."

मोबाइलवर यंत्राच्या हातानं पहिली नळी उचलली, दुसरी तिला जोडली. राजपाल सरसावून बसला. मंडपाच्या धंद्यातला पहिला धडा हाच, की नळ्या आधी सैल जोडायच्या आणि शेवटची बसल्यावरच सगळ्या आवळायच्या. घाईनं आधीच आवळलं की शेवटची नळी काही केल्या बसत नाही. शाळेत असताना चैतालीनं जळकोटच्या एका लग्नात नेमकं हेच केलं होतं. वऱ्हाड दारात आलं तरी मंडपाची एक बाजू उघडीच! राजपालनं तेव्हा तिला असं झापलं होतं की पोर कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

आणि आता यंत्राचा पान्हा पहिल्याच जोडावर फिरायला लागला.

"आरं, सैल ठिव की! आत्ताच आवळू नगं!"

राजपाल एवढ्यानं ओरडला की त्याची बायको चांगुणा घरातून धावत आली.

"आवं, काय झालं? सकाळधरनं तर फसायची वाट बघताय. मला कळत न्हाय व्हय?"

"गप गं! पोरीचं काम हाय ते."

पान्हा अर्धाच फिरून थांबला. जोड धरून राहील एवढंच. एकेक नळी लागत गेली आणि शेवटची अलगद आत सरकली. मग कुठं आवळणं सुरू झालं, एक इकडची, एक समोरची, अगदी बेंबळीच्या रिवाजानं. आवळून झाल्यावर त्या हातानं प्रत्येक खांबाला हलकी थाप मारली, थोडं थांबला आणि पुढच्या खांबाकडं गेला.

राजपालच्या डोळ्यांना धार लागली. त्यानं ती पुसलीही नाही.

थोड्या वेळानं चैतालीचा फोन आला. "पप्पा, पास झालो! थाप मारून खांब तपासायचं कुठून शिकलीस, असं साहेब इचारत होते. म्हटलं, बेंबळीत."

 राजपाल म्हणाला, "हितलं माझं म्या बघतो. तू येऊ नगंस. आन् त्यो हात वर आभाळात गेल्यावर बी आवळायची घाई करू नगंस."

कोंडिबांनी पाटीकडं बोट दाखवलं. "मग ह्या जागेत आता काय लिवायचं?"

"लिवा की तिचंच नाव," राजपाल म्हणाला. "कुणी इचारलं तर सांगायचं, पोरगी मोठ्या मंडपावर हाय."