वहीत नसलेलं नाव

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत मंजिरी जिच्यावर थीसिस लिहीत होती, ती अठराव्या शतकातली स्विस बाई पॅरिसमध्ये दर शुक्रवारी विद्वानांची बैठक भरवायची. कोणाशी काय बोलायचं हे ती म्हणे आधीच वहीत लिहून ठेवायची. लहानगी लेक शेजारी लाकडी स्टुलावर ताठ बसायची.

लॉकडाउनमध्ये मंजिरीनेही मित्रमैत्रिणींची शुक्रवारची बैठक सुरू केली, झूमवर, चारच्या चहाला. वहीसकट. ‘राघव – व्हिसाचं विचार. कादंबरी – सासूचा विषय नको.’ पुण्याहून आईही यायची. तिच्यासाठी वहीत ओळ नसायची. आईशी बोलायला तयारी कशाला लागते?

लॉकडाउन उठला, बैठक चालूच राहिली. एप्रिल २०२१ मधल्या एका शुक्रवारी सुखदा कविता वाचत होती आणि आईला खोकला सुरू झाला. थांबेचना.

“फोडणीचा ठसका आहे गं,” आई कशीबशी म्हणाली.

“काकू, झणझणीत बेत दिसतोय, वास इथपर्यंत आला!” कादंबरीने टोला हाणला. सगळे हसले. मंजिरीने आईला म्यूट केलं.

आईचे ओठ हलतच राहिले. बोटाने ती काहीतरी दाखवत होती. मंजिरीने हातानेच ‘नंतर’ अशी खूण केली. नंतर फोन केलाच नाही. लेकीला, स्वरदाला भरवायचं होतं हे खरं, आणि आई रागावली असेल तर ऐकून घ्यायला नको, हेही तितकंच खरं.

मंगळवारी धाकट्या भावाचा, नंदूचा फोन आला. “ताई, आईला ॲडमिट केलंय. ऑक्सिजनवर आहे. ताप गेल्या बुधवारपासूनच होता. तुला कळवू देईना. पोर तिकडे एकटी घाबरेल म्हणे.”

सीमा बंद होत्या, जायची सोय नव्हती. लेकीच्या शेंबडाचा रंग बदलला तरी डॉक्टर गाठणारी मंजिरी, तिला समोर बसलेल्या आईचा ताप दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला वॉर्डातली नर्स व्हिडिओ कॉल लावून देणार होती. मंजिरीने वही उघडली. ‘आई – आधी माफी. मग धीर. रडायचं नाही.’

“ताई, दोनच मिनिटं हं. त्यांना बोलायला लावू नका,” नर्स म्हणाली.

मास्कमागे आईचा अर्धाच चेहरा. मंजिरीला वही दिसत होती, अक्षर लागत नव्हतं.

“आई, शुक्रवारी काय सांगत होतीस गं?” नको म्हटलेलं असताना तिने नेमकं विचारलंच.

आईने मास्क जरासा उचलला. “स्वरदा... तुझ्या मागे दारात. कधीची उभी होती. मांडीवर घे, म्हणत होते.”

“आजी, मास्क!” नर्स ओरडली.

मंजिरीने वळून पाहिलं. तीन वर्षांची स्वरदा आत्ताही दारातच उभी होती. लॅपटॉप चालू असला की आत यायचं नाही, हा नियम आईचाच, म्हणजे मंजिरीचा.

“मम्मा, इज आजी ऑन म्यूट?”

“नाही गं राणी. ये, आत ये.” मंजिरीने तिला उचलून मांडीवर घेतलं, कॅमेऱ्यासमोर धरलं. “आई, बघ ना. घेतलंय गं.”

आईने डोळे मिटले. उघडायच्या आत कॉल संपला.

स्वरदा काळ्या पडद्याला हात हलवत राहिली. माफीची ओळ वहीत तशीच होती.